माल तिनं ओळखला

घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला काढायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता रिपोर्ट येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. मी सवयीनं घासाघीस सुरू केली.

"फोनवर हळू बोललं तर?"

"नाही."

"नुसतं कुजबुजलं तर?"

"त्यानं उलट जास्त ताण येतो."

"बरं, दिवसभर गप्प बसतो. सकाळी मंडीत तेवढी तासभर बोली लावू द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा दवाखाना भोपाळच्या अरेरा कॉलोनीत, पण माणूस आमच्या नागपूरकडचा. "भाऊ," ते म्हणाले, "हा भाव ठरलेला आहे. इथे कमीजास्त होत नाही."

बायको शेजारीच बसली होती. एरवी मला कुणी असं गप्प केलं की ती पदराआड हसते. त्या दिवशी हसली नाही. तेव्हा मी घासाघीस थांबवली.

मी करोंदच्या मंडीत गव्हाचा व्यापारी आहे. वडील सरकारी कार्यालयाबरोबर नागपूरहून भोपाळला आलेले कारकून. भावंडं सगळी टेबलखुर्चीच्या नोकऱ्यांत लागली, मी एकटा पोत्यांत शिरलो. मला कुणी हात धरून नेलं नाही. जे मिळवलं ते डोळ्यांवर आणि आवाजावर. डोळ्यांनी माल ओळखायचा आणि आवाजानं उचलायचा. आमच्याकडे लिलाव उघड्यावर चालतो. शेतकऱ्यांच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या असतात, मंडीचा माणूस एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, आम्ही व्यापारी भोवती कोंडाळं करतो, मूठभर दाणे हातावर घेतो आणि ओरडतो. ज्याचा आवाज पोचला त्याची बोली. ज्याचा नाही पोचला तो तिथे नव्हताच, असं धरायचं.

हे मी उगाच सांगत नाही. आमच्या मंडीत एक दलाल होता. त्याचा घसा असाच आतून कापावा लागला होता. गळ्याला भोक होतं आणि त्यावर बोट ठेवून तो बोलायचा. डब्यात खडा वाजावा तसा आवाज. काही दिवस लोक त्याच्यासाठी थांबले. मग थांबेनासे झाले. तो बोट गळ्यापाशी नेईपर्यंत ट्रॉली दुसऱ्याच्या नावावर झालेली असायची. पुढे तो चहाच्या टपरीवर बसू लागला, आणि नंतर तिथेही दिसेना. ते तपासणीचे दिवस मी त्याच्याच विचारात काढले. आरशासमोर उभा राहून तोंड उघडायचो, आत काही दिसतंय का बघायचो. काहीच दिसत नसे, आणि त्याचीच जास्त भीती वाटे.

घरात बोलायची सोय नव्हती आणि रागवायचीही नव्हती. मोबाईलवर टाइप करून रागावता येत नाही, अक्षरं जुळवेपर्यंत राग शिळा होतो. म्हणून मी स्टीलचा पेला टेबलावर आपटायचो. एकदा आपटला की पाणी, दोनदा आपटला की मंडीतून काय खबर. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "ऐकू येतंय हो. आवाज गेला तरी स्वभाव कुठे गेलाय."

गव्हाचा हंगाम तोंडावर आलेला होता. मुलगी म्हणाली, "बाबा, लिलावाला मी उभी राहते."

ती आमची एकुलती एक. बी.कॉम. झाल्यापासून दुकान तीच बघते. माल साफ करून घेणं, पोती भरून घेणं, पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांशी फोनवर बोलणं, सगळं तिच्याकडे. पण दुकानात बसणं वेगळं आणि कोंडाळ्यात उभं राहणं वेगळं. नवीन माणूस आला की बाकीचे मिळून त्याला चढवतात. बोली वाढवत नेतात, तो हट्टाला पेटला की सगळे एकदम गप्प होतात आणि कचरा माल त्याच्या गळ्यात पडतो. दोन-तीन वेळा असं झालं की माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. माझ्याबरोबरही त्यांनी केलं होतं. मी भांडून, एकदा तर एकाची कॉलर धरून, त्यातून बाहेर आलो. माझ्या मुलीनं कुणाची कॉलर धरायची?

आणि मी परत आलोच नाही तर? हा प्रश्न मी टाइप केला नाही, पण तो घरात सगळ्यांना ऐकू येत होता.

शेवटी असं ठरलं की बोली तिनं लावायची आणि मी मागे उभं राहून खूण करायची. गमछा खांद्यावर असेपर्यंत बोलत राहायचं. गमछा खाली घेतला की सोडून द्यायचं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तरुणपणी मी एका शेठकडे कामाला होतो. खरेदीच्या वेळी त्यांच्याबरोबर असायचो. एका हंगामात सगळ्या मंडीनं नाक मुरडलेला गहू मी हुंगला, दाताखाली चावला आणि शेठना घ्यायला लावला. ते नको नको म्हणत होते. माल असा निघाला की मंडीत महिनाभर तोच विषय. शेठच्या दुकानावर सगळे जमले, पोहे-जिलबी आली. कुणीतरी विचारलं, "शेठ, आपने पहचाना कैसे?" शेठनी तर्जनी उजव्या डोळ्याखाली ठेवून दोनदा टकटक केलं. "नजर चाहिए, नजर." मी जिलबीचं ताट घेऊन त्यांच्या मागेच उभा होतो. ते वळून एक शब्द बोलतील म्हणून थांबलो. ते वळले, पण जिलबी घ्यायला.

त्यानंतर मी स्वतःचं दुकान काढलं. शेठ आता फार म्हातारे झालेत. व्यवहार त्यांचा मुलगा बघतो आणि ते दुकानापुढे प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हाला बसलेले असतात. त्यांचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोबर समोर आहे. मी ते मुद्दाम तसंच घेतलं होतं. रोज सकाळी मला बघून त्यांना ते आठवावं, एवढाच हेतू. आठवत असेल असं कधी दिसलं नाही.

पहिल्या दिवशी मी मफलर गुंडाळून मंडीत गेलो तेव्हा सगळ्यांना कळलं होतं की भाऊंच्या घशाला काहीतरी झालंय. काय ते माहीत नव्हतं. मंडीत आजार सांगायचा नसतो. माणूस ढिला पडलाय हे कळलं की त्याचा भावही पडतो. मुलीनं सगळ्यांना सांगितलं, "सर्दीनं घसा बसलाय."

शेठचा मुलगा म्हणाला, "चलो, मंडी में शांति हो गई." सगळे हसले. मी पण हसल्यासारखं केलं.

सुरुवातीच्या काही ट्रॉल्या बऱ्या गेल्या. माझा गमछा खांद्यावर, तिची बोली. गमछा खाली, ती गप्प. पण मंडीतली माणसं असली खूण ओळखायला वेळ लावत नाहीत. शेठच्या मुलानं ती आधी पकडली. ती बोली लावायला लागली की तो मान वळवून माझ्या खांद्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बिटिया, रुक जा, रिमोट देख ले पहले." मुलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. माझ्या तोंडात शिव्यांची रांग लागली होती आणि एकही बाहेर काढता येत नव्हती.

मग ती ट्रॉली आली. सीहोरकडचा शरबती गहू. आदल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता, आणि पाणी लागलं की शरबतीची चमक जाते. दाणा फिकट, मेलेल्या रंगाचा होतो. हा वरून तसाच होता. शेतकरी सांगत होता, ताडपत्री फाटली होती, आत माल कोरा आहे. पण तसं सगळेच सांगतात. एकानं हातात दाणे घेऊन परत टाकले, दुसऱ्यानंही टाकले. मी एक मूठ घेतली, बघितली आणि गमछा खाली ओढला.

मुलीनं वळून बघितलंच नाही. ती ट्रॉलीला वळसा घालून पलीकडे गेली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि बाही सरकवून हात खांद्यापर्यंत गव्हात खुपसला. मग मधे. मग मागच्या कोपऱ्यात. खाली उतरली आणि तिनं बोली लावली.

मी गमछा हलवला. तिच्या समोर जाऊन हलवला. ती म्हणाली, "बाबा, बाजूला व्हा."

शेठच्या मुलानं तिला दोनदा चढवलं, ती दोन्हीदा वर गेली, मग तो हात वर करून मागे सरकला. "ले जा बिटिया, तेरा हुआ." आणि बाकीच्यांकडे बघून डोळा मारला. मी ओरडायला तोंड उघडलं. उघड्या तोंडानं तसाच उभा राहिलो. घशात काहीतरी टोचलं, आणि मी इतका घाबरलो की दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. लोकांना वाटलं, भाऊ मालासाठी रडतायत.

ट्रॉली आमच्या दुकानावर आली तेव्हा मागोमाग बरेच जण आले. पडलेल्याला बघायला मंडीत गर्दी होतेच. समोर शेठ खुर्चीत बसलेले. हा माल वाया गेला तर नुकसान सोसलं असतं, दुसऱ्या हंगामात भरून काढलं असतं. पण त्या दिवसानंतर तिला कोंडाळ्यात कुणी उभं राहू दिलं नसतं. आणि माझ्या घशाचं काय निघणार होतं ते मला माहीत नव्हतं.

हमालांनी ट्रॉलीचं मागचं फळकं काढलं. वरचा थर आणि एक बाजू फिकट होती, बाकी सगळा गहू खाली घरंगळला तो सोन्यासारखा. उन्हात डोळ्यांवर येत होता.

मग सगळे माझ्याकडे वळले.

"मान गए भाऊ. गला बंद, फिर भी माल उठा लिया."

"गमछा नीचे करके हमको उल्लू बनाया," दुसरा म्हणाला. त्याला तर तो माझा डावच वाटला होता. सगळे मला गंडवणारा, पक्का, मंडीचा बाप वगैरे म्हणू लागले. शेठच्या मुलानं तर्जनी डोळ्याखाली ठेवली आणि दोनदा टकटक केलं. "नजर चाहिए, नजर."

बापाचीच खूण, बापाचाच आवाज.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते त्या दुकानासमोर, त्या म्हाताऱ्यासमोर मला मिळत होतं. गप्प बसायचं होतं फक्त, आणि गप्प बसायला तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मी मुलीकडे बघितलं. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. खांद्यापर्यंत धूळ लागलेल्या हातानं ती काट्यापाशी उभी राहून हमालाला सांगत होती की फिकट माल वेगळा काढ, मिसळू नकोस. मी जिलबीचं ताट घेऊन थांबलो तरी होतो. ती थांबलीही नव्हती. आपल्याबद्दल कुणी काही बोलेल ही अपेक्षाच तिला नव्हती, आणि ही सवय तिला घरातून लागली होती. चांगल्या मालाचं कौतुक विकणाऱ्यासमोर करायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम. माल आवडला की तोंड वाकडं करायचं. तो नियम मी दुकानातून घरी कधी नेला ते मला आठवत नाही.

पण तेव्हा मी कौतुकाचा विचार करत नव्हतो, हिशेब करत होतो. ही नजर माझी आहे असं मंडीनं धरलं, तर मी नसताना ही पोरगी नुसती गमछ्याची बाहुली. पहिल्याच दिवशी तिला चढवून खड्ड्यात घालतील. ही नजर तिची आहे हे आत्ता, माल समोर पडलेला असताना, सगळ्यांच्या कानांवर पडलं तरच उपयोग. उद्या सांगितलं तर लोक म्हणतील, बाप आहे, बोलणारच.

मी बोटानं तिच्याकडे दाखवलं. तिच्या धुळीच्या हाताकडे दाखवलं. ते हसले. "हां हां, बिटिया भी होशियार है." लाडानं दाखवतोय असं त्यांना वाटलं. मी मोबाईल काढून टाइप केलं आणि पुढे धरला. कुणी वाचलं नाही, एकानं तर तो माझ्या खिशात परत ठेवला. "भाऊ, आराम करो."

तुकडा काढल्याची घशातली जखम अजून ओली होती. एक शब्द बोललो आणि ती फाटली तर? गाठ आहे तिथेच रक्त आलं तर? डॉक्टरांनी नेमकं काय होईल ते सांगितलं नव्हतं, म्हणून मला सगळंच होईल असं वाटत होतं. मला त्या दलालाचं बोट दिसत होतं, गळ्याकडे जाणारं.

मी म्हणालो, "मैंने मना किया था. इसने लिया."

तो आवाज माझा नव्हता. दगडावर पत्रा ओढावा तसा होता. ओरडलो नव्हतो, तरी सगळ्यांना ऐकू गेला, कारण तो ऐकताक्षणी सगळे गप्प झाले होते. त्यांच्या तोंडावरचं हसू जाताना मी बघितलं. मी कशाबद्दल बोललो हे त्यांना नंतर कळलं. आधी त्यांना कळलं की ही सर्दी नाही.

म्हणून मी पुन्हा सांगितलं. एवीतेवी कळलंच होतं, तर गोष्ट नीट पोचू दे. "माल इसने पहचाना. मुझे नहीं दिखा."

मुलगी काटा सोडून धावत आली. मला वाटलं आता डोळ्यांत पाणीबिणी आणेल. तिनं माझा गमछा ओढून माझ्या तोंडावर दाबला. "काय सांगितलं होतं डॉक्टरांनी? एवढंसं ऐकता येत नाही? चला, आत बसा." मग गर्दीकडे वळून, "क्या देख रहे हो सब? तुलाई होने दो." स्वभाव माझाच आहे.

मी आत जाऊन पेल्यात थुंकलो. रक्त नव्हतं. तरी पेला उजेडात धरून बराच वेळ बघत बसलो.

गर्दी पांगल्यावर समोरून शेठनी हात हलवून मला बोलावलं. गेलो. त्यांनी माझं मनगट धरून मला खाली वाकवलं आणि कानाशी तोंड आणून अगदी हळू म्हणाले, "वो पुराना वाला भी तूने ही पहचाना था."

एवढी वर्षं ज्याच्यासाठी मी त्यांच्यासमोर दुकान थाटून बसलो ते त्यांनी माझ्या कानात सांगितलं, जिथे तिसऱ्याला ऐकू जाणार नाही. माझ्या डोक्यात आग पेटली. मी बोट वर करून मंडीकडे दाखवलं. त्यांच्या मुलाकडे दाखवलं. पुन्हा दाखवलं. सांगा, त्याला सांगा, मोठ्यानं सांगा. शेठ माझ्या बोटाकडे बघत राहिले, मग डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं. मी खुर्चीच्या पायाला लाथ मारली आणि परत आलो. ती तक्रार मी अजून सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. कानात सांगितलेलं मी धरत नाही.

रिपोर्ट आला. डॉक्टर आधी रागावले, मग म्हणाले, ज्याची भीती होती ते आज तरी नाही. पण पेशी बदलायला लागल्या आहेत. गाठ पुन्हा येऊ शकते, नजर ठेवावी लागेल, दर काही महिन्यांनी कॅमेरा घालून बघावं लागेल. मी मोबाईलवर टाइप केलं, "किती वर्षं?" ते म्हणाले, "त्याचा भाव आज नाही सांगता येत." बायकोनं माझा हात धरला.

आवाज थोडा परत आला. फाटका, पण आला. हंगामाच्या भरात एक दिवस डॉक्टरांची परवानगी घेऊन मी मंडीत गेलो. कोंडाळ्यात मुलगी पुढे होती, मी मागे. एका ट्रॉलीपाशी मी मूठभर गहू घेतला, चावला. माल चांगला होता. मी बोली लावली.

मंडीच्या माणसानं माझ्याकडे बघितलं नाही. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तो हात वर धरून थांबला होता आणि शेठचा मुलगाही थांबला होता. मुलीचा हात गव्हात खांद्यापर्यंत गेला होता आणि सगळे त्या हाताकडे बघत होते. गमछ्याकडे कुणाचीही नजर नव्हती. "हां बिटिया, बोलो," मंडीचा माणूस म्हणाला.

मला हेच हवं होतं. मी स्वतःच्या तोंडानं, घसा पणाला लावून मागून घेतलं होतं. तरी माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिथे भोक नव्हतं, कातडी होती, आणि आत नाडी उडत होती.

तिनं बोली लावली. कुणी तिला चढवलं नाही.